डोमकळी प्रकल्प: नजर कुठं जातेय त्याच्या नोंदी

१७ जून २०२५

आजपासून ह्या नोंदी लिहायला घेतेय. मागच्या हंगामात सगळं डोक्यात ठेवलं आणि नंतर कोणता फोटो कुणी, कुठून पाठवला हेच सांगता येईना, म्हणून ह्या वेळी जे झालं ते त्याच दिवशी लिहायचं, चुकलं तरी लिहायचं.

काम कुठून सुरू झालं ते आधी. मागच्या ऑगस्टात सेलूच्या इकडं मामाच्या शेतात होते, पऱ्हाटी (कापसाची झाडं) कमरेएवढी झालेली, आम्ही धुऱ्यावरून चाललो होतो आणि मामा बोलता बोलता थांबले, चार तासं (ओळी) आत शिरले आणि एका झाडाचं एकच फूल तोडून आणलं. पाकळ्या पीळ घातल्यासारख्या मिटलेल्या, अर्धवट उमललेल्या गुलाबासारख्या. नखानं उकलून दाखवलं तर पाकळ्या आतून बारीक धाग्यांनी एकमेकींना बांधलेल्या आणि मधी तांदळाच्या दाण्याहून बारीक पांढरट अळी. "डोमकळी," एवढंच म्हणले आणि फूल पायाखाली चिरडलं.

फोटोतून वस्तू ओळखणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्याच जागेवर उभं राहून मला शंभर फुलं सारखीच दिसत होती. मामांना ते एक फूल वीस फुटांवरून दिसलं कसं? हाच ह्या प्रकल्पाचा प्रश्न आहे. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला फोटोतून डोमकळी ओळखता येईल का हा दुसरा प्रश्न, तो त्याच्या मागून येतो.

डोमकळीच का, तर गुलाबी बोंडअळी एकदा कैरीत (हिरव्या, न फुटलेल्या बोंडात) शिरली की बाहेरून काही कळत नाही, शिरलेलं छिद्र बुजून जातं. त्याच्या आधी उघड्यावर दिसणारी खूण म्हणजे ही मिटलेली कळी. २०१७ चं साल मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही, बोंडं वरून हिरवीगार आणि फोडली की आत किडलेली. मामांनी त्या वर्षी उभ्या कापसात रोटावेटर घातला होता.

२६ जून

वाचन. आपल्या भाषेत एक सोय आहे जी मला ह्या विषयाच्या पुस्तकांत कधी एवढी सरळ सापडली नाही: लक्ष *जातं* आणि आपण लक्ष *देतो*. दोन वेगळी क्रियापदं, दोन वेगळ्या गोष्टी. गर्दीत कुणी भडक पिवळा फेटा बांधून आला तर लक्ष जातं, त्यात आपलं काही चालत नाही. आणि त्याच गर्दीत आपल्या लेकराला शोधायचं असलं की लक्ष द्यावं लागतं, मग पिवळा फेटा समोर असून दिसत नाही.

पहिल्या प्रकारचं, लक्ष जाण्याचं गणित बऱ्यापैकी मांडून झालंय. इट्टी, कॉख आणि निबर यांचं १९९८ चं मॉडेल अजून शिकवलं जातं: फोटोतला रंग, उजेड आणि रेषांची दिशा वेगवेगळी काढायची, प्रत्येक जागा तिच्या आजूबाजूपेक्षा किती वेगळी आहे ते लहान-मोठ्या मापांत मोजायचं, सगळं मिळून एक नकाशा करायचा. नकाशात जिथं सगळ्यात जास्त उठाव तिथं नजर आधी, मग ती जागा दाबून टाकायची म्हणजे नजर पुढं सरकते. आज हेच मामाच्या शेताच्या फोटोंवर चालवलं. नजर कुठं गेली? निळ्या ड्रमवर, पिवळ्या चिकट सापळ्यावर, एका फोटोत मागच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर. डोमकळीवर एकदाही नाही.

आणि ते बरोबरच आहे. ट्रीसमन आणि जिलेड यांनी १९८० मध्ये मांडलेलं की एकाच गुणानं वेगळी असलेली गोष्ट आपोआप उठून दिसते, हिरव्या मिरच्यांच्या ढिगात एक लाल पडली तर शोधावी लागत नाही, पण फरक दोन-तीन गुणांच्या मेळात असेल तर एकेक करून बघत जावं लागतं. डोमकळी तर फिक्या फुलांतलं फिकंच फूल, फरक फक्त मिटण्याच्या ढबीत. म्हणजे इथं लक्ष जाणार नाही, द्यावंच लागणार.

दुसऱ्या प्रकारासाठी यार्बसकडं जावं लागतं. ह्या रशियन शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात डोळ्यावर छोटं उपकरण बसवून एकाच माणसाला रेपिनचं एकच चित्र परत परत दाखवलं, दरवेळी वेगळा प्रश्न विचारून. माणसांची वयं सांगा म्हणलं की नजर चेहऱ्यांवर फिरते, घरची परिस्थिती कशी वाटते म्हणलं की सामानावर, कपड्यांवर. चित्र तेच, डोळे तेच, प्रश्न बदलला की वाट बदलली. म्हणून मला मामांना "फोटो बघा" म्हणून चालणार नाही. काय विचारून बघायला लावते ते आधी ठरवावं लागेल.

८ जुलै

मागच्या वर्षीचे फोटो लावून घेतले, १,१८० निघाले. डोमकळीचे बहुतेक शेतकऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले, चांगल्या फुलांचे लॅबमधल्या ज्युनियरनी शेतात जाऊन काढलेले. (नंतरची भर: हे वाक्य पुढं महागात पडणार आहे हे त्या दिवशी माहीत नव्हतं. २९ जुलै बघा.)

आज एक साधा हिशोब केला जो आधीच करायला पाहिजे होता. फोनचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. पूर्ण झाडाचा फोटो असेल तर त्यात डोमकळी साधारण १५० पिक्सेल रुंद. आमचं मॉडेल, व्हिजन ट्रान्सफॉर्मर म्हणतात त्या प्रकारचं, २२४ बाय २२४ चा फोटो घेतं आणि त्याचे १६ बाय १६ चे तुकडे करतं, म्हणजे १४ गुणिले १४, एकूण १९६ तुकडे. ४००० चे २२४ केले की १५० पिक्सेलची डोमकळी उरते ८ पिक्सेलची. एका तुकड्याच्या अर्ध्या रुंदीत ती सगळी. त्यात पाकळीचा पीळ कुठून दिसणार, एक फिकट ठिपका दिसेल फक्त.

माणसाचा डोळा असं करत नाही. हात लांब करून अंगठा समोर धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, साधारण २ अंश, तेवढीच आपल्याला बारकाईनं दिसते, बाकी सगळं धूसर. आपल्याला ते धूसर वाटत नाही कारण डोळा सेकंदाला तीनेक वेळा उडी मारून ती बारकाईची जागा हवी तिथं नेतो. मामांचं सगळं कसब त्या उड्यांमध्ये आहे. आणि आम्ही मॉडेलला एकदाच, दुरून, सगळं सारखंच धूसर दाखवतोय.

सध्या फुलाजवळचा भाग कापून घेऊन ट्रेनिंग करू, पूर्ण झाडाचं नंतर बघू.

२९ जुलै

मोठी नोंद आहे.

कापलेल्या फोटोंवर मॉडेल चारेक दिवसांपासून चांगलं चाललं होतं. टेस्टच्या १२० पैकी ११३ बरोबर. लॅबमध्ये सगळे खूश, सर म्हणले पेपरचं बघायला लागा. मला आतून काहीतरी खटकत होतं पण काय ते सांगता येत नव्हतं, एवढंच की सात चुका झाल्या त्या सातही फोटोंत डोमकळी अगदी स्पष्ट होती, शेंबड्या पोरानं ओळखावी अशी. अवघड फोटो बरोबर येतात आणि सोपे चुकतात, हे बरं लक्षण नाही.

काल रात्री अटेन्शन मॅप काढत बसले, म्हणजे मॉडेल फोटोत कुठं बघतंय त्याचे रंगीत नकाशे, लाल म्हणजे जास्त. पहिल्याच फोटोत लाल भाग फुलावर नाही, फुलाच्या खाली. दुसऱ्यातही खाली. झूम केलं. अंगठा. काळपट, मातीनं भेगाळलेल्या नखाचा अंगठा आणि त्याला टेकलेलं पहिलं बोट. पुढचा फोटो, अंगठा. पुढचा, तळहात. दीड वाजेपर्यंत एकेक करत सगळे बघितले, कारण विश्वास बसत नव्हता.

झालं असं की शेतकरी जेव्हा डोमकळीचा फोटो पाठवतो तेव्हा तो ती चिमटीत धरून दाखवतो, "ह्ये बघा ताई, ह्ये आलंय" म्हणून. कळी बारीक असते, वाऱ्यानं हलते, धरावीच लागते. आणि आमच्या ज्युनियरनी चांगली फुलं काढली ती हात न लावता, नीट, शिकवल्याप्रमाणं. मॉडेलनं फुलाकडं बघायची गरजच नव्हती, हात दिसला की डोमकळी, नाही दिसला की चांगलं फूल. त्या सात फोटोंत काय होतं? डोमकळी झाडावरच होती, हात नव्हता.

ह्यात शेतकऱ्याचा दोष नाही, त्यानं दाखवायचं ते सगळ्यात चांगल्या पद्धतीनं दाखवलं. ज्युनियरचाही नाही. दोन वेगळ्या हेतूंनी काढलेले फोटो मी एका फोल्डरमध्ये टाकले, हे मी बघायला पाहिजे होतं.

मॉडेलला रागवून उपयोग नाही पण एक गोष्ट मनाला लागली. त्या फोटोंत हात म्हणजेच शेतकऱ्याचं लक्ष होतं. तो बोटानं सांगत होता, इथं बघा. आणि मॉडेल त्याच्या बोटाकडं बघत बसलं.

२ ऑगस्ट

अटेन्शन मॅपवर किती विसंबायचं हा प्रश्न होता, म्हणून दोन तपासण्या केल्या.

एक, झाकून बघणे. अंगठ्यावर पानाच्या रंगाचा चौकोन टाकला आणि परत विचारलं. बहुतेक फोटोंत उत्तर पलटलं, "चांगलं फूल". मग उलटं, चांगल्या फुलाखाली दुसऱ्या फोटोतला अंगठा कापून चिकटवला, "डोमकळी". आता शंका राहिली नाही. नुसता रंगीत नकाशा बघून मी हे ठामपणे म्हणले नसते, झाकून बघितल्यावर म्हणते.

दोन, मॉडेलमधले शिकलेले आकडे विस्कटून परत नकाशे काढणे. २०१८ मध्ये ह्यावर चांगलं काम झालंय, त्यांनी दाखवलं की नकाशा काढायच्या काही पद्धती अशा आहेत की मॉडेलचे आकडे विस्कटले तरी नकाशा जवळपास तोच येतो, म्हणजे तो नकाशा मॉडेलचं काही सांगतच नाही, फोटोतल्या कडा तेवढ्या गिरवतो. आम्ही वापरत होतो त्या तीनपैकी एक पद्धत ह्यात पडली, ती काढून टाकली.

आणि हे ज्युनियरना शिकवताना सांगायचं: ट्रान्सफॉर्मरमधलं अटेन्शन म्हणजे प्रत्येक तुकड्यानं बाकी प्रत्येक तुकड्याला विचारणं की माझ्यासाठी तू किती कामाचा, आणि त्या उत्तरांची अशी वाटणी करणं की बेरीज १ होईल. ती एक वजनांची वाटणी आहे. तिला लक्ष म्हणायचं ठरलंय म्हणून ती मामांच्या लक्ष देण्यासारखी होत नाही, आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो आणि तिथंच घसरतो.

हे आमच्याकडंच झालंय असं नाही. रोपांच्या रोगांचा प्लांटव्हिलेज हा प्रसिद्ध डेटा आहे, ५४,३०६ फोटो, १४ पिकं (कापूस त्यात नाही). २०१६ मध्ये त्यावर ९९.३५ टक्के अचूकता आली आणि त्याच लोकांनी प्रामाणिकपणे लिहिलं की वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. २०२२ मध्ये तर एकानं फोटोच्या बॅकग्राउंडचे फक्त ८ पिक्सेल घेऊन ४९ टक्के उत्तरं बरोबर काढून दाखवली. पान न बघता. सरांना हे दाखवलं, पेपरचा विषय आपोआप मागं पडला.

१२ ऑगस्ट

आय-ट्रॅकर घेऊन गावात. पट्टी लॅपटॉपच्या स्क्रीनखाली लावायची, ती डोळ्यावर इन्फ्रारेड टाकते आणि बुबुळावरची चमक बघून नजर कुठं आहे ते काढते. आधी आखाड्यावर मांडलं, पत्र्याखाली, तीन बाजू उघड्या. उन्हातच एवढं इन्फ्रारेड असतं की पट्टीला डोळाच सापडेना. मग सगळं उचलून मामाच्या माजघरात, खिडकीला गोधडी लावली. मामी म्हणली, "काहून गं माय, डोळे तपासायलीस का समद्यायचे?" गावात तेच पसरलं, दुपारी दोन म्हातारी माणसं खरंच चष्म्याचा नंबर काढायला आली. त्यांना बसवून नीट समजावलं, चहा दिला, त्यातले एक आबा म्हणले बसतो की मग, माझ्या डोळ्यानं तुझं काम होत आसंल तर.

आधी स्क्रीनवरच्या ९ ठिपक्यांकडं बघायला लावून पट्टी जुळवायची. जाड भिंगांच्या चष्म्यात चमक दोन-दोन ठिकाणी येते, चौघांचं जुळलंच नाही. त्यांच्यासाठी दुसरी पद्धत: फोनवर पूर्ण फोटो धूसर करून द्यायचा आणि बोट लावाल तिथं तेवढाच गोल स्पष्ट होणार. कुठं कुठं बोट लावलं ते साठवायचं. माउसनं असंच करून २०१५ मध्ये सॅलिकॉन नावाचा मोठा डेटा तयार झाला होता, १०,००० फोटो नुसते ट्रेनिंगसाठी. डोळ्याएवढं बारीक नाही येत, पण माणूस काय *बघायला मागतो* ते येतं.

प्रत्येकाची सही घेतली, चेहऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवलेलं नाही.

२५ ऑगस्ट

पोळा झाला, लोक मोकळे होते, चार दिवसांत १४ जणांचं झालं. ९ शेतकरी आणि तुलनेला कॉलेजची ५ पोरं, शेतीशी संबंध नसलेली. तेच फोटो दोनदा, पहिल्यांदा काही न विचारता, दुसऱ्यांदा "फवारणी करावी लागंल का?" असं विचारून.

काही न विचारता बघितलं तेव्हा दोन्ही गटांची नजर बरीच सारखी, फोटोच्या मध्यावर गर्दी. हे अपेक्षित होतं, फोटो काढणारा महत्त्वाची वस्तू मध्ये ठेवतो आणि बघणाराही मध्यापासून सुरू करतो, ह्या क्षेत्रात नुसता मध्यावर एक धूसर गोळा काढला तरी कितीतरी मॉडेलांना तो हरवतो.

प्रश्न विचारल्यावर वाटा फुटल्या. पोरं कुरतडलेल्या पानावर गेली, भोक मोठं, नजरेत भरतं. शेतकऱ्यांनी त्या पानाला जेमतेम एक नजर दिली आणि सरळ झाडाच्या वरच्या भागातल्या फुलांवर, एक फूल, दुसरं, तिसरं, डोमकळीवर थांबून परत मागं, बाजूच्या फुलाशी ताडून. मी रेकॉर्डिंग हळू करून बघितलं, मामांची नजर डोमकळीवर सगळ्यात जास्त वेळ थांबलेली नाही. जास्त वेळ ती बाजूच्या चांगल्या फुलावर होती. एका फुलाचा निकाल ते दुसऱ्या फुलाकडं बघून लावतात.

आता आबांचं. त्यांची नजर फोटोच्या पार खालच्या कडेला, जिथं काहीच नाही, काळी माती आणि ढेकळं. तीन फोटोंत तसंच. मला वाटलं पट्टी सरकली असणार, रेकॉर्डिंग बादच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं. संध्याकाळी सहज विचारलं, आबा, खाली काय बघायलात? "पातं," म्हणले, म्हणजे कापसाची न उमललेली कळी. "पाती गळून पडल्यात का बघायलो. झाडाला काय इचारायचं, खाली पडलंय ते खरं सांगतंय." मी फोटो परत उघडला, मूळ आकारात. ढेकळांत चार पाती पडलेली. पातेगळ पावसानंही होते, म्हणून आबा पडलेलं पातं उचलून त्याला छिद्र आहे का ते बघतात, हे त्यांनी नंतर वावरात नेऊन दाखवलं.

आमच्या १,१८० फोटोंत मातीला एकही लेबल नाही. कापताना तर आम्ही माती काढूनच टाकली होती. रेकॉर्डिंग बादमधून परत घेतलं.

मामीचं बोटाच्या पद्धतीनं झालं. तिनं फुलांना हातच लावला नाही, सगळी बोटं खालच्या फांद्यांवरच्या बोंडांवर. तिला विचारलं तर म्हणाली येचायला मलाच जावं लागतंय न, कवडी (किडका, डागी कापूस) किती निघंल ते बघायले. प्रश्न मी फवारणीचा विचारला होता, तिनं उत्तर वेचणीचं शोधलं. वेचणी बायका करतात, किडलेलं बोंड हातात त्यांच्याच येतं. तिचा डेटा वेगळा ठेवायचा, सरासरीत मिसळायचा नाही.

९ सप्टेंबर

नवे फोटो ह्या नियमानं: हात असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकार दोन्ही गटांत सारखे. मामांनी चांगली फुलंही चिमटीत धरून दिली, पन्नासेक, न कंटाळता.

अंगठ्याचा घोळ गेला आणि लगेच दुसरा दिसला. कापसाचं फूल पहिल्या दिवशी फिकं पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं आणि मग सुकतं. मॉडेल दुसऱ्या दिवसाच्या फुलाला डोमकळी म्हणतंय, कारण तेही मिटलेलं. मामी म्हणली रंग बघ की, गुलाबी होऊन मिटलं ते वय झालेलं, फिकं असून मिटलं ते बांधलेलं. एवढं सोपं. ट्रीसमनचा मेळ म्हणतात तो हाच, नुसतं मिटणं नाही, नुसता रंग नाही, फिकं *आणि* मिटलेलं. शिवाय सकाळी लवकर फोटो काढला तर ताजं फूलसुद्धा अजून उमललेलं नसतं, म्हणून आता फोटो १० ते १ मधलेच घ्यायचे आणि प्रत्येकासोबत वेळ लिहायची.

२८ सप्टेंबर

पाऊस थांबेना. दुधना भरून चाललीय, मामाच्या खालच्या वावरात गुडघ्याएवढं पाणी, फुलं-पाती सगळी झडली. फोटोंचं काम बंद. मामा फोनवर म्हणले फोटूचं राहू दे माय, इकडं यायची घाई करू नको. रस्ता बंद आहे म्हणून जाता येत नाही, नाहीतर गेले असते.

१४ ऑक्टोबर

लॅबमध्ये बसून दोन टप्प्यांचं मॉडेल बसवलं. पहिला टप्पा फोटो लहान करून दुरून बघतो आणि फक्त सांगतो कुठं जवळून बघायला पाहिजे, अशा सहा जागा. दुसरा टप्पा त्या जागा मूळ ४००० पिक्सेलच्या फोटोतून कापून घेतो आणि तिथं ठरवतो. डोळ्याच्या उड्यांची ही नक्कल आहे, २०१४ मध्येच असं एकेक नजर टाकत जाणारं मॉडेल करून दाखवलेलं होतं, आम्ही त्यात भर घातली ती शेतकऱ्यांच्या नजरेची: पहिल्या टप्प्याला जागा निवडायला त्यांनीच शिकवलं. एक जागा कायम खालच्या मातीसाठी राखलीय. आबांची जागा म्हणतो आम्ही तिला.

मॉडेलची आणि माणसाची नजर जुळते का हे मोजायला एनएसएस नावाचं माप वापरतोय, मॉडेलच्या नकाशाची सरासरी ० करून घ्यायची आणि माणसाची नजर जिथं जिथं टेकली तिथं नकाशाची किंमत काय ते बघायचं, ० आली म्हणजे योगायोग. आमची बऱ्यापैकी वर येतेय आणि मध्यावरच्या गोळ्यापेक्षाही वर, हे जास्त महत्त्वाचं. पण मानवत तालुक्याकडून आलेल्या फोटोंवर घसरण आहे, वेगळा फोन, कापसाची वेगळी जात, दाट लागवड. हे सुटलेलं नाही.

आणि एक दिवस घाबरवलं होतं: मोठ्या मॉडेलच्या नकाशात रिकाम्या आभाळावर भडक ठिपके. परत काहीतरी चोरवाट सापडली की काय म्हणून झाकून बघितलं, उत्तर बदललं नाही. २०२३ मध्ये ह्याचा उलगडा झालाय, मोठी ट्रान्सफॉर्मर कमी माहितीचे तुकडे स्वतःची टिपणं ठेवायला वापरतात, त्यांना वेगळी जागा दिली की ठिपके जातात. दिली, गेले.

५ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिल्यांदा वावरात. पाऊस ओसरल्यावर पऱ्हाटी परत फुटलीय, कैऱ्या धरल्यात. फोन घेऊन तासातासानं फिरले, मॉडेल म्हणतंय डोमकळी नाही, पडलेली पाती नाहीत. मलाही दिसली नाही, मामांनाही नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) बोंडअळीचे पतंग मात्र होते.

मामा म्हणले थांब. तिरपे तिरपे चालत वीस झाडांच्या वीस कैऱ्या तोडल्या, धुऱ्यावर बसून एकेक अंगठ्यानं दाबून फोडली. वरून एकीलाही डाग नाही, मी प्रत्येकीचा फोटो आधी घेत होते. चौथी फोडली, आत गुलाबी अळी आणि पोखरलेली सरकी. सालीच्या आतल्या बाजूला बारीक फोड. वीस पैकी पाच निघाल्या. दोन निघाल्या तरी १० टक्के होतात आणि फवारणीची पातळी गाठली असं धरतात, इथं पाच.

मॉडेल चुकलं नव्हतं. फोटोत ते नव्हतंच. मी दोन हंगाम नजर कुठं जाते हे शोधत होते, आणि ह्या महिन्यात मामा नजरेला विचारतच नाहीत, तोडतात आणि फोडतात. म्हणून मॉडेल ज्यातून चालतं त्या फोनवरच्या ॲपचा आराखडा आजच बदलला: कैऱ्या धरायला लागल्या की ॲप झाडाचा फोटो मागणार नाही. वीस झाडांवरून वीस कैऱ्या तोडा, फोडा, उघड्या फाकांचा फोटो द्या, एवढंच मागेल, आणि मोजायचं काम मॉडेल करेल.

मामीनं बारदाना अंथरला, वीस कैऱ्यांच्या चाळीस फाका ओळीनं मांडल्या. मामा किडकी फाक आली की बोट लावून दाखवायचे, सवयच ती. बारा फोटोंत त्यांचा अंगठा आलाय. ते तसेच ठेवले, आणि नंतर त्यांना म्हणले, मामा, आता चांगल्या फाकांनाबी बोट लावा, तेवढेच बारा फोटो अजून काढायचेत.